साहेबांची सुटका

महिनाअखेरीच्या सोमवारपासून मी तुमच्या गोदामात नाही, असं मी दाजींना स्पष्ट सांगितलं. म्हणजे मनातल्या मनात कितीतरी वेळा सांगितलं होतं. तोंडाने सांगायला नऊ वर्षं लागली, आणि तेही ताई वाढत असताना, मान ताटात घालून.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंड्यांचा ठोक धंदा. घराच्या मागच्या भिंतीला लागून गोदाम, आणि गोदामाला लागून माझी खोली. माझं पाट्या रंगवायचं दुकान बुडालं तेव्हा पंधरा दिवस राहतो म्हणून आलो होतो. हात चांगला होता, पण नऊ वर्षांत या हाताने गोदामाच्या दारावर ‘ताजी अंडी’ एवढं लिहिलंय, बस्स. बाकी दिवसभर अंधाऱ्या कोपऱ्यात खोक्यातल्या दिव्यासमोर एकेक अंडं धरायचं, फिरवायचं आणि केसाएवढी चीर दिसली की वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायचं. चिरलेली अंडी बेकरीत जातात. भाचरं मला मामा म्हणतात, त्यांचं ऐकून गिऱ्हाईकं मामा म्हणतात आणि हल्ली दाजीसुद्धा मामाच म्हणतात.

अशात माझ्या जुन्या दोस्ताचा, पेंटरचा फोन आला. आम्ही दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. त्याला दुसऱ्या गावात शाळांच्या भिंती रंगवायचं वर्षभराचं काम मिळालं होतं आणि जोडीला माणूस हवा होता. महिनाअखेरीच्या सोमवारी हजर हो, नाहीतर मी दुसरा बघतो, म्हणाला.

दाजी चिडले असते तर बरं झालं असतं. भांडून बाहेर पडणं सोपं असतं. पण हा गृहस्थ कधी चिडतच नाही, ही माझी खरी अडचण. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, जा की, तुला कुणी बांधून ठेवलंय का. फक्त जाण्याआधी त्या मुंगसाचा बंदोबस्त कर, ते तुझ्याशिवाय कुणाला जुमानत नाही.

ते मात्र खरं होतं. रोज अकराच्या सुमाराला एक मुंगूस मोरीच्या भोकातून गोदामात यायचं, मागच्या पायांवर उभं राहायचं आणि ट्रे नीट लागलेत का बघायला आल्यासारखी चहूकडे नजर फिरवायचं. म्हणून मी त्याला साहेब म्हणायचो. साहेब आले की मी चिरलेलं एक अंडं जमिनीवरून घरंगळत सोडायचो. साहेब भिंतीकडे पाठ करायचे, अंडं पुढच्या पायांत धरायचे आणि मागच्या तंगड्यांमधून थेट भिंतीवर हाणायचे. फुटलं की मग निवांत जेवण. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी एकटाच इतका हसलो की ताई धावत बघायला आली. पुढेपुढे ते माझ्या चपलेवर पाय ठेवून अंडं मागायला लागलं. दिवसभरात माझी वाट बघणारं तेवढं एकच होतं, खोटं कशाला बोलू.

पण एकदा मी जेवायला गेलो असताना साहेबांनी चांगल्या मालाचे दोन ट्रे भिंतीवर हाणून संपवले. दाजी तेव्हाही चिडले नाहीत. भिंतीवरचे ओघळ बघत नुसते उभे राहिले, आणि मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पिंजरा म्हाताऱ्या लोहाराने बनवून दिला. घाई केलीत तर जन्मात सापडणार नाही, अशी त्याने आधीच तंबी दिली. पिंजऱ्याचं पडतं दार तारेने वर बांधून टाकायचं. आठ दिवस अंडं आतच ठेवायचं. जनावर आत येईल, खाईल, जाईल, त्याला काही करायचं नाही. त्याची भीती पार मोडली की नवव्या दिवशी तार काढायची.

मी तसंच केलं. पहिले दोन दिवस साहेब पिंजऱ्याभोवती नुसते हुंगत फिरले. चौथ्या दिवशी आपणहून आत गेले आणि वळून माझ्याकडे बघायला लागले, की वाढा आता. सहाव्या दिवशी तर जेवून आतच पाय ताणून झोपले. माझं डोकंच फिरलं. इतका भरवसा टाकतं का कुणी कुणावर? मी पिंजऱ्याला लाथ घातली, हाट हाट केलं. साहेबांनी एक डोळा उघडला आणि परत मिटला.

रविवारी सकाळी मी तार काढली. साहेब आत गेले तेव्हा मी मुद्दाम दिव्याकडे तोंड करून बसलो होतो. दार धाडकन पडलं. आता जाळीला धडका देईल, ओरडेल, म्हणून मी कान दाबून घेतले. थोड्या वेळाने वळून बघतो तर स्वारी शांतपणे अंडं संपवत होती.

पिंजरा स्कूटरला बांधायला दाजी स्वतः आले. दोरी दोनदा ओढून बघितली. ताईने माझी बॅग आदल्या दिवशीच भरून ठेवली होती आणि त्याला लांब सोड, मारू नको, हे तिचं पाचव्यांदा सांगून झालं होतं. किल्ली माझ्या हातात देताना दाजी म्हणाले, "हे सोडून ये आणि चारच्या गाडीने जा. मी आडवा येणार नाही. तुझ्या जागी माणूस बघितलाय मी."

खरं तर मी उडीच मारायला हवी होती. पण माझ्या जागी माणूस बघितलाय हे ऐकून वाईटच वाटलं. वर रागही आला. मला जायचं म्हणायला नऊ वर्षं लागली आणि यांनी आठवड्याभरात माणूस शोधलासुद्धा.

गावाबाहेर, कालव्याच्या पलीकडे दाट झुडपं आहेत. तिथे पिंजरा उतरवला, दार वर उचलून बांधलं आणि मागे सरकलो. साहेब बाहेर येईनात. मी पिंजऱ्यावर थापा मारल्या, तर ते मागच्या जाळीला पाठ लावून बसले. पिंजरा तिरका केला, तर जाळीत नख्या रुतवून घट्ट धरून राहिले. समोर झुडपं होती, बिळं होती, कालव्यात बेडूक ओरडत होते, आणि हा प्राणी माझ्या हाताकडे बघत बसला होता. मग मात्र माझी सटकली.

"दार उघडं आहे! दिसत नाही का तुला? जा की!"

एवढा मोठा आवाज मी नऊ वर्षांत काढला नव्हता. घसा दुखला. शेवटी वीसेक पावलं लांब जाऊन, पाठ फिरवून एका झाडाखाली बसलो. बऱ्याच वेळाने बघितलं तेव्हा पिंजरा रिकामा होता. कधी गेलं, कुठे गेलं, काही कळलं नाही. झुडपात पानसुद्धा हलत नव्हतं.

म्हणजे माझं काम झालं होतं. बॅग भरलेली होती आणि गाडीला अजून तीन तास होते. दाजींनी स्वतःच्या तोंडाने जा म्हटलं होतं. मला अडवणारं आता जगात कुणी उरलं नव्हतं, आणि मला भीती वाटली. अंड्यावरच्या चिरा बघून बघून आखडलेल्या या हाताला आख्खी भिंत झेपणार होती का? माझं काम बघून पेंटर काहीच बोलला नाही, तर मी कुठे तोंड लपवू? गोदामात माझी चूक झाली तर फार तर एक अंडं वाया जायचं. स्कूटरपाशी गेलो, पण किल्ली फिरवायचा धीर होईना.

तेवढ्यात पेंटरचा फोन आला. त्याने खोली घेतली होती, दोघांसाठी गाद्या आणल्या होत्या, रंगांचे डबेसुद्धा येऊन पडले होते. रात्री स्टँडवर घ्यायला येतो, म्हणाला. आवाजातून आनंद नुसता ओसंडत होता.

"निघतोयस ना?" त्याने विचारलं.

"कसला निघतोय," मी म्हणालो. "दाजी सोडतच नाहीत रे."