चौदा मोकळे तास

व्यवस्थापनाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या त्या मुलीला वर्गातले सगळे 'आकडेबाई' म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. शिक्षण कार्यालयाने त्यांच्या कॉलेजला एक काम दिलं होतं: सरकारी शाळांत कुठे शिक्षक जास्त आहेत आणि कुठे कमी, ते शोधून काढा. तिच्या गटाने शाळाशाळांची वेळापत्रकं मागवली आणि कॉलेजच्या थंडगार खोलीत बसून तीन महिने उंटावरून शेळ्या हाकल्या. एका शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना आठवड्यात चौदा तास मोकळे निघाले. आकडेबाईने त्यांच्या पदापुढे 'अतिरिक्त' असं लिहून टाकलं. म्हणजे बाईंची उचलबांगडी, आणि पद कायमचं बंद.

सादरीकरणाच्या दोन दिवस आधी मुख्याध्यापिकांची सही घ्यायला ती त्या शाळेत गेली. शिक्षकांच्या खोलीत दाराशेजारी हातभर लांबीचा एक फळा होता. तिसरी ब, दुसरा तास. सहावी अ, चौथा तास. चौथी अ, पाचवा. प्रत्येक ओळीपुढे चित्रकलेच्या बाईंचंच नाव.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"ज्या वर्गाला शिक्षक नाही, त्यावर कोण जाणार ते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आमच्या दोन जागा वर्षभर रिकाम्या आहेत. त्यांचे वर्ग या एकट्याच ओढतात."

"मग वेळापत्रकात का नाही दाखवत?"

"दाखवलं की कार्यालय म्हणणार, चाललंय ना तुमचं? मग माणसं कशाला हवीत? म्हणून शाळा सुटली की फळा पुसायचा, असं ठरलंय आमचं."

"पण त्यामुळे बाई रिकाम्या दिसतायत! त्यांचं पद जातंय."

मुख्याध्यापिकांनी पेन खाली ठेवलं. इकडे आड, तिकडे विहीर. "आता तूच काय ते ठरव," त्या म्हणाल्या. "तुमचं तर शिक्षणच त्यातलं आहे ना?" हे शब्द तिला चांगलेच झोंबले.

घरी तिने आईला सगळं सांगितलं. "खरं बोललं की कुणाचं वाईट होत नाही," आई म्हणाली. आईने उभ्या जन्मात सरकारी कार्यालयाची पायरी चढलेली नव्हती, हे मात्र आकडेबाईच्या ध्यानात आलं नाही.

सादरीकरणात ती उभी राहिली आणि फळ्याबद्दल घडाघडा बोलली. आपला आकडा चुकला, हेही तिने सांगितलं. गटाचा म्होरक्या डोळे वटारून बघत होता, पण शिक्षण कार्यालयातून आलेले अधिकारी मन लावून ऐकत होते.

"वा, छान काम केलंत," ते म्हणाले. "बाईंचं पद ठेवू या. आणि वर्ग जर चालतायतच, तर त्या दोन जागा भरायचं कारण नाही. रद्द करून टाकू. सुंठीवाचून खोकला गेला!" मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "असे फळे बाकीच्या शाळांतही असणार. तेवढे बघून घ्या."

टाळ्या वाजल्या. गटाला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. आकडेबाईला मात्र जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शाळेत गेली. चित्रकलेच्या बाई दोन वर्गांच्या मधल्या व्हरांड्यात उभ्या होत्या, एक पाय या दारात, एक त्या दारात.

"बाई, माझं चुकलं. माफ करा."

"अगं, माफी कसली? माझी नोकरी वाचवलीस तू." बाई हसल्या, पण त्यांचा आवाज पार बसला होता. "आत्ता तुला काही काम आहे?"

"नाही."

"मग चौथीवर जा. मी सहावीला गणित घालून येते."

ती आत गेली तशी त्रेचाळीस मुलं उठून उभी राहिली. तिला लाज वाटली. तिने हातानेच बसायची खूण केली.

"तुम्ही आमच्या नवीन बाई का?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"नाही गं."

"मग त्या कधी येणार?"

तीन महिन्यांच्या कामातलं हे एकच उत्तर तिला पक्कं ठाऊक होतं. मुलगी तोंडाकडे बघत होती.

"पुस्तकं काढा," ती म्हणाली.