तारा लावलेला खोकला

हेमचंद्रकाकांना दीड महिना खोकला होता आणि तो आहे हे त्यांना मान्य नव्हतं. चाळीस वर्षं अमेरिकेतल्या ट्रॉय गावात डॉक्टरकी केलेला माणूस. दुसऱ्याच्या नुसत्या खोकण्यावरून त्याच्या घरातल्या कार्पेटचं वय सांगायचा. स्वतःचं मात्र, "घसा साफ करतोय."

रिटायर झाल्यावर काकांनी प्राचीन स्लाव्हिकचा, म्हणजे पूर्व युरोपातल्या भाषांच्या मूळ भाषेचा, ऑनलाइन कोर्स लावला होता. अर्धे पेशंट पोलिश, सर्बियन, युक्रेनियन. त्यांची दुखणी ऐकून झाली, आता शब्दांची हिस्टरी घेत होते.

त्यांची पुतणी आसावरी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहायची आणि दर शनिवारी डबा घेऊन यायची. काकांना एक्स-रेला न्यायचं, एवढाच तिचा हट्ट. पाच शनिवार फुकट गेले होते.

सहाव्या शनिवारी काकांनी वही पुढे केली. "खोकल्याला पोलिश म्हणतात काशेल. युक्रेनियनही काशेल. सर्बियन काशाल. म्हणजे हजार-दीड हजार वर्षांपूर्वी या तिघी भाषांची एक आई होती. आणि आपल्या आयुर्वेदातला कास, तो त्या आईचा चुलतभाऊ. अख्खं खानदान खोकतंय!"

"आईच्या शब्दाच्या डोक्यावर हा तारा कसला?" आसावरीने वहीवर बोट ठेवलं.

"तिला कुणी लिहून ठेवलेलं नाही. लेकींवरून जुळवली. लेखी पुरावा नसलेल्या, नुसत्या जुळवलेल्या शब्दाला तारा लावतात."

"आणि तुम्ही मान्य करता?"

"तिघी वेगळ्या राहिल्या, एकमेकींकडून उसनं घेतलं नाही, तरी सारखंच बोलतात. मग आई होतीच. विषय संपला." ते खोकले. "घसा."

आसावरीने ते तिन्ही शब्द पुन्हा वाचले. तिच्या ऑफिसातही तीन सेन्सर वेगवेगळे बसवून सारखंच बोलले की गाडी थांबवायची असते.

गुरुवारी दुपारी काकांकडे पत्त्यांचा डाव असायचा. भिडू तीन, तिन्ही जुने पेशंट. आसावरीने हाफ डे टाकला. तिघं आल्या आल्या तिने हलीनाबाईंना किचनमध्ये बसवलं, ओक्सानाबाईंना गराजमध्ये, द्रागनना स्वतःच्या गाडीत. प्रत्येकाला एक कागद: डॉक्टरांना काय होतंय, कधीपासून?

मग तिन्ही कागद काकांपुढे ठेवले.

हलीना: "काशेल. ईस्टरच्या बऱ्याच आधीपासून."

ओक्साना: "काशेल. अंगणात बर्फ होता तेव्हापासून. लपवतो."

द्रागन: "काशाल. सहा आठवडे. हरताना जास्त."

काकांनी चष्मा पुसला. "आपसात उसनवारी झाली असणार."

"द्रागन अजून गाडीत आहेत, काका. सीटबेल्ट लावून."

काकांनी खिडकीतून पाहिलं. द्रागनने हात हलवला.

बराच वेळ ते कागद खालीवर करत राहिले. एक्स-रेत काय काय निघू शकतं, हे डॉक्टरला पेशंटपेक्षा जास्त माहीत असतं. शेवटी पेन्सिल घेऊन त्यांनी वहीत लिहिलं: खोकला, मार्चपासून. त्याच्या डोक्यावर एक तारा काढला.

"पद्धत बरोबर आहे," ते कुरकुरले. "पण अजून फक्त जुळवलेलाच..."

आणि खोकले. चांगले मिनिटभर.

"काशेल!" किचन आणि गराज एकदम ओरडले.

काकांनी खोडरबर शोधला आणि तारा पुसला.

"सोमवारी दहाची अपॉइंटमेंट घेतलीय," आसावरी हळूच म्हणाली.

"साडेनऊची घे. दहापर्यंत मला पाय मागे घ्यायला वेळ मिळतो." त्यांनी पत्ते पिसायला घेतले. "आणि त्या द्रागनला सोडव. आज तो माझा पार्टनर आहे."