करवंदीच्या डावीकडून

विश्वेशने मृण्मयीच्या सायकलची सीट चार बोटं खाली घेतली, एलन कीने बोल्ट आवळला आणि तळव्याने सीटवर दोनदा थापटलं. मग पुढचं टायर अंगठ्याने दाबून पाहिलं, थोडी हवा सोडली, पुन्हा दाबून पाहिलं. मृण्मयी गाडीच्या बॉनेटला टेकून हेल्मेटचा पट्टा लावत होती. पट्टा केव्हाच लागला होता, तरी तिची बोटं हनुवटीखाली चाळा करत होती.

"भीती वाटतेय?" त्याने विचारलं.

"नाही." तिने पठारावरून नजर फिरवली. "आपण नक्की कुठे आलोय?"

त्याला हाच प्रश्न हवा होता. नाशिकहून निघाल्यापासून त्याने मुद्दाम काही सांगितलं नव्हतं, आणि पेठ रस्ता सोडून गाडी कच्च्या रस्त्याला लागल्यापासून तीही गप्प झाली होती. ती नव्या वाटेच्या धास्तीने गप्प आहे असं त्याने धरलं आणि मनातल्या मनात सुखावला. आता त्याने हात करून दाखवलं. पठाराच्या कडेवरून गुरांची एक वाट खाली पाड्याकडे उतरत होती. सव्वा किलोमीटरची वाट, सात वळणं, वरच्या टप्प्यात सुटे दगड, मधे एक सपाट जागा आणि तिथून पुढे लाल मातीचा गुळगुळीत उतार. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं.

तो सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. दिवसभर मायक्रॉनमध्ये मोजायचं, हजार नगांमधला एक खोटा नग बाजूला काढायचा, हे त्याचं काम. घरी याला पोळीसुद्धा सगळीकडून एकसारखी जाड लागते, असं मृण्मयी एके काळी चारचौघांत हसून सांगायची. हल्ली ती सांगत नव्हती. हल्ली घरात बोलणं होई ते गॅसचा नंबर लावलास का आणि आईंच्या गोळ्या आणल्यास का, एवढंच. भांडण झालं असतं तर बरं, निदान कुठे बिनसलंय ते कळलं असतं, असं विश्वेशला वाटायचं. पण भांडणही नव्हतं. सहा वर्षांचा संसार कुठूनतरी हळूहळू झिरपत चालला होता आणि त्याला भोक सापडत नव्हतं.

शेवटी ज्याला जे येतं ते त्याने केलं. त्याने तिच्यासाठी वाट शोधायला घेतली.

सायकल तिला त्यानेच शिकवली होती. रस्त्यावरची तिला येतच होती, ही डोंगर उतरायची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये विटांवर प्लायवुड टाकून पायरी करायची आणि तिच्यावरून उतरायचं. पेडल समपातळीत, ब्रेकवर फक्त एक बोट, गुडघे आत, नजर दहा फूट पुढे. चाकासमोरच्या दगडाकडे पाहिलंस की चाक दगडावरच जाणार, हे त्याने तिला शंभरदा सांगितलं असेल. त्या दिवसांत ती पडायची आणि तिथेच बसून पोट धरून हसायची. पुढे दिंडोरीकडचे द्राक्षबागांमधले रस्ते तिला सपक वाटायला लागले, आणि अंजनेरीच्या बाजूची वाट तिला झेपेल असं त्याला वाटेना. या दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं होतं. तिला घाबरवणार नाही, पण खाली पोचल्यावर ती पुन्हा तशी हसेल असं काहीतरी.

त्यासाठी त्याने आठ रविवार घातले. ऑफिसचं काम आहे असं सांगून तो एकटा यायचा. नवव्यांदा काही सांगायची वेळ आली नाही, कारण आठव्या रविवारी ही वाट पुरती मनासारखी झाली. त्याने ती पायी उतरून पाहिली, दगड उचलून बाजूला टाकले, काटे छाटले. बायकोला खूश करायला कोणी गजरा आणतं, याने आख्खा डोंगर झाडून काढला होता.

"मी पुढे होतो," तो म्हणाला. "पाचव्या वळणापाशी करवंदीची जाळी आहे, तिथे—"

"मी जाऊ पुढे?" मृण्मयी म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता निघाली.

जाळीपाशी काय आहे ते सांगायचं राहून गेलं. वाट जाळीच्या उजवीकडून सरळ जाते असं वरून दिसतं, पण जाळीला वळसा पडला की एकदम अडीच फुटांची खडकाची पायरी येते. पाच फुटांवर येईपर्यंत ती दिसत नाही. स्वतः विश्वेश पहिल्या दिवशी तिथे हँडलवरून पुढे फेकला गेला होता. तिसऱ्या रविवारी पाड्यावरचा वाल्मीक गुरं घेऊन भेटला, तेव्हा खरी वाट कळली. जाळीच्या डावीकडे, जिथे नुसतं गवत दिसतं, तिथे मातीची एक घसरण आहे आणि ती अलगद पायरीखाली उतरते. "गुरं पण डावीकडनं उतरतात," वाल्मीक म्हणाला होता. "तुम्ही लय शहाणे हाय का त्यांच्यापेक्षा?"

विश्वेश घाईने सायकलवर बसला. दुसऱ्या वळणाला ती त्याच्या तीस फूट पुढे होती. त्याने ओरडून थांबायला सांगितलं, पण वारा समोरून होता आणि हेल्मेटमध्ये तसंही काही ऐकू येत नाही. तिसरं वळण. सुटे दगड चाकाखालून उडत होते. ती इतकी छान चालवत होती की एरवी तो पाहतच राहिला असता. चौथं वळण. तिचं काही बरंवाईट झालं तर ते आपल्या हौसेपायी, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

जाळी यायच्या बरंच अलीकडे, जिथून काहीच दिसत नव्हतं, मृण्मयीने वेग कमी केला. अंग मागे घेतलं. डावा गुडघा बाहेर फेकला, उजवीकडच्या रुळलेल्या वाटेकडे पाहिलंही नाही आणि सायकल सरळ डावीकडच्या गवतात घातली. गवत दुभंगलं आणि ती मातीच्या घसरणीवरून अलगद खाली उतरून दिसेनाशी झाली.

विश्वेशने दोन्ही ब्रेक दाबले.

तो जाळीपाशी एक पाय टेकून उभा राहिला. ती वाचली याचा आनंद त्याला झाला, अगदी खरा झाला, आणि तो जेमतेम श्वासभर टिकला. मग तो तपासणी करायला लागला, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. आपला आवाज तिला ऐकू आला असेल. पण तो थांब म्हणाला होता, डावीकडे वळ म्हणाला नव्हता. या वाटेचा व्हिडिओ पाहिला असेल. तो नव्हताच, त्याने महिनाभर शोधला होता. सायकलच्या ग्रुपबरोबर आली असेल. ग्रुपवाले चहा प्यायले तरी फोटो टाकतात.

आणि तो गुडघा. गुडघे आत, असं त्याने शिकवलं होतं. डावा गुडघा बाहेर फेकून उतरणारा माणूस त्यांच्या रविवारच्या ग्रुपमध्ये एकच होता, गौरांग. उतारावर माणूस लांबूनही त्याच्या ढबीवरून ओळखू येतो, आणि ढब ज्याच्या मागे रोज उतरावं त्याची लागते. फेब्रुवारीत विश्वेशचा खांदा निखळला आणि दोन महिने सायकल बंद झाली, तेव्हा तिचा सराव बुडायला नको म्हणून त्यानेच गौरांगला सांगितलं होतं, हिला ने रे तुझ्याबरोबर. वर त्याला घरी बोलावून श्रीखंड-पुरी खाऊ घातली होती. गौरांगने दोनदा श्रीखंड मागून घेतलं होतं.

मग बाकीचं भराभर जुळत गेलं. मृण्मयी आर्किटेक्टच्या ऑफिसात होती आणि बुधवारी तिची दिंडोरीला साइट असायची. येताना थोडी चालवते म्हणून सायकल गाडीत टाकून न्यायची. बुधवारी संध्याकाळी ती सायकल धुऊन चेनला तेल घालायचं काम विश्वेशचं. दिंडोरीच्या बागांतली काळी माती त्याला चांगली ठाऊक होती, आणि तरी कित्येक बुधवार तो टायरमधली लाल माती जुन्या टूथब्रशने काढत आला होता. ती मन लावून सराव करतेय याचंच त्याला कौतुक. वाल्मीकनेही सांगितलं होतं, इकडे अधूनमधून सायकलवाले येतात, दोघं. आपली वाट आणखी कुणाला माहीत आहे याचा तेव्हा त्याला राग आला होता. कॉलेजातली दोन पोरं असतील, असं त्याने धरलं. पण वाल्मीक 'दोघे' म्हणाला नव्हता. 'दोघं' म्हणाला होता.

खालून मृण्मयीने हाक मारली. तो डावीकडून उतरला.

ती सपाट जागेवर थांबली होती. हेल्मेट काढलेलं, कपाळाला केस चिकटलेले, आजूबाजूला पिवळी सोनकी फुललेली. ती हसली, पण त्या हसण्यात पार्किंगमधली मृण्मयी नव्हती.

"छान आहे रे," ती म्हणाली. "कशी काय सापडली तुला?"

त्याने सांगितलं. आठ रविवार सांगितले, ऑफिसचं काम नव्हतं हे सांगितलं, काटे छाटले ते सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. तिला नाटक करता यायचं नाही, कधीच आलं नव्हतं. मधेच तिने मान फिरवली आणि सायकलच्या गिअरकडे पाहत राहिली. विश्वेशला तिचा राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याला वाटलं, किती अवघड करून ठेवलं आपण हिचं.

"एवढं सगळं माझ्यासाठी कशाला केलंस?" ती हळूच म्हणाली.

पुढची वाट बघून येतो, असं सांगून तो पायीच निघाला. न तपासलेल्या वाटेवर सायकल घालायची नाही हा त्या पहिल्या दिवशी पडल्यापासून त्याचा नियम होता, आणि तिच्यासमोर रडायचं नाही हाही.

सहाव्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. सातव्याला वाट नव्हती. परवाच्या पावसाने कडेची माती ढासळून खाली घळीत गेली होती आणि डोंगराच्या बाजूला जेमतेम वीतभर पट्टी उरली होती. मागच्या रविवारी इथे हातभर रुंद, लालभडक, गुळगुळीत वाट होती. वळण आंधळं, वरून येणाऱ्याला शेवटपर्यंत काही कळणार नाही. आणि इथे वेग सगळ्यात जास्त असतो.

बुधवार त्याच्या डोळ्यांसमोर आला. पुढे गौरांग, ब्रेकला हात न लावणारा. मागे ती. विश्वेशने त्या चित्रातून तिला बाजूला केलं आणि एकट्या गौरांगला वळणावर येऊ दिलं. असा विचार आपल्याला शिवणार नाही असं त्याला आजवर वाटायचं. तो नुसता शिवला नाही, चांगला क्षणभर बसून राहिला. मग विश्वेशने खाली वाकून चार मोठे दगड उचलले आणि वळणाच्या अलीकडे वाटेवर आडवे लावले. ते पुरेसे आहेत असं त्याला वाटलं नाही.

तो परत आला तेव्हा मृण्मयी गवतात बसली होती. त्याला पाहून ती उठली.

"पुढे वाट खचलीय," तो म्हणाला. "शेवटच्या वळणावर. वरून दिसत नाही. सायकली उचलून न्याव्या लागतील."

"बरं."

"आता पाऊस जाईपर्यंत इथे कोणीच सायकल घालायला नको."

तिने गवतातलं हेल्मेट उचललं.

विश्वेशने आपल्या सायकलचा ब्रेक उगाच एकदा दाबला, सोडला.

"त्यालाही सांगून ठेव," तो म्हणाला.

कोणाला? एवढा एकच शब्द तिने विचारायचा होता. कपाळाला आठ्या घालून, वैतागून, कसाही. तिने तो विचारला असता तर तो लगेच म्हणाला असता, वाल्मीकला, त्याची गुरं जातात ना इथून. त्याने ते उत्तर तयार ठेवलं होतं. मग दोघं घरी गेली असती, वाटेत कुठेतरी मिसळ खाल्ली असती, आणि गुडघा, लाल माती, बुधवार यांतलं काहीही त्याने पुन्हा कधी तपासलं नसतं. तिच्या तोंडून तो शब्द यावा म्हणून तो थांबला. जीव मुठीत धरून थांबला.

मृण्मयी त्याच्याकडे पाहत होती. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

"सांगते," ती म्हणाली.

विश्वेशने मान हलवली. सातव्या वळणाशी पोचल्यावर त्याने आधी तिची सायकल उचलली आणि डोंगराला अंग चिकटवून, एकेक पाऊल टाकत, ती पलीकडे नेऊन ठेवली.