रुमालाबाहेरचा भाव

आमच्या ह्यांचा हात रुमालाखाली गेला की सौदा झालाच म्हणून समजा, आणि तोही समोरच्याच्या भावात. गुरांच्या बाजारात जुने व्यापारी भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घ्यायचा नि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बाकीच्यांना पत्ता लागत नाही. आणि आमचे भिकनराव असले भोळे, की समोरच्यानं बोट दाबलं की ह्यांची मान डोललीच!

म्हणून यंदा मी ठणकावून सांगितलं, "गाय मीच घेणार. माझ्या झेंडूच्या पैशाची, माझ्या नावावर." जमीन सासऱ्यांच्या नावावर, गाडी ह्यांच्या. माझ्या नावावर काय, तर मोबाईलचं सिम!

मनमाडच्या बाजारात झुंबरशेठ नावाच्या व्यापाऱ्याकडं एक तांबडी गाय होती, दुसऱ्या वेताची. अशी मनात भरली म्हणून सांगू! दात बघितले, कास बघितली, पदर खोचला आणि हात पुढं केला.

शेठ दोन पावलं मागं सरकले. "ताई, बाईमाणसाचा हात चारचौघांत कसा धरू? मालकांना पुढं करा."

ह्यांनी लगेच हात पुढं केला. मी त्यावर चापट मारली. "तुम्ही गप उभे ऱ्हा!"

झालं, माणसं जमली. एक जण म्हणाला, "शेठ, आधी राखी बांधून घ्या!" सगळे खिदळले. माझं डोकंच फिरलं.

"हात धरता येत नाय ना? मग तोंड कशाला दिलंय देवानं? सांगा मोठ्यानं, कितीची हाय गाय?"

"उघड्यावर बोलायची रीत नाय, ताई."

"ऱ्हाऊ द्या रीत रुमालात. बोला!"

"पंचाहत्तर हजार," शेठ कसेबसे पुटपुटले.

"काय?" शेजारचे एक म्हातारे बाबा ओरडले. "अरे झुंबर, ह्याच गाईचे मला आत्ता साठ दाबलेस की!"

असा काही हशा उठला, की बांधलेली गुरं दचकली. मी संधी सोडते होय! "अठ्ठावन्न!" म्हटलं.

"बाबांपेक्षा बी कमी?"

"मग काय! त्यांच्यासारखं गुपचूप नाय, सगळ्यांसमोर मागतेय."

शेठनी कोपरापासून हात जोडले, स्वतःच हसत सुटले. "न्या बाई, न्या! तुमच्या तोंडापुढं आमच्या बोटांचं काय चालतंय!"

पावती करायला बाजार समितीच्या कचेरीत गेलो. कारकुनानं मान वर न करता ह्यांनाच विचारलं, "घेणाऱ्याचं नाव?"

माझा जीव नुसता टांगणीला लागला. हे सवयीनं 'भिकन' म्हणाले, तर एवढं भांडण वाया. मी तोंड उघडणार, तोच हे बोलले, "लिवा, साधना भिकन गांगुर्डे."

"आणि तुम्ही कोण?"

"मी व्हय? मी गाईच्या मालकिणीचा नवरा."

अख्ख्या बाजाराला ऐकवणारी मी, ह्यांच्या एका वाक्यानं विरघळले. पदरानं डोळे पुसले आणि सही केली.