एक, दोन, चार

माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही, आणि याची मला जराही लाज वाटत नाही. ते माझं कामच आहे. कॉम्प्युटर चालू केल्यावर सगळ्यात आधी जागा होतो आणि बाकीच्यांना कामाला लावतो तो ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, त्याला आम्ही कर्नल म्हणतो. आमचा कर्नल कुठल्या एका कंपनीच्या मालकीचा नाही. त्याचा कोड सगळ्यांसमोर उघडा असतो, कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती पाठवावी. अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात. आता दार असं सताड उघडं ठेवायचं म्हटल्यावर दारात एखादी खडूस बाई बसवायला नको का? त्या पदाला मेंटेनर म्हणतात. माझ्या वाट्याचं दार अगदी लहान आहे, पण खडूसपणात मी कुणाला हार गेलेली नाही.

माझं दार म्हणजे एका जुनाट कार्डाचा ड्रायव्हर, कॉम्प्युटरमध्ये बसवलेल्या त्या कार्डाशी कर्नलचं बोलणं करून देणारा कोड. त्या कार्डाला चार पोर्ट, म्हणजे वायर खुपसायच्या जागा, असतात आणि त्यांना वजनकाटे, मोजमापाची यंत्रं, असलं काहीबाही जोडता येतं. हा ड्रायव्हर मी लग्नाआधी लिहिला आणि तेव्हापासून सांभाळतेय. पगाराची नोकरी वेगळी, ती मी घरूनच करते. हे काम फुकटचं. सासूबाई तर बाहेर कुणी विचारलं की सरळ सांगतात, सून दोन नोकऱ्या करते, त्यातली एक हौसेची. पण कर्नलमध्ये एक फाईल आहे, कुठला भाग कोण सांभाळतं ते सांगणारी. तिच्यात मोठमोठ्या लोकांच्या मधोमध माझ्या नावाची एक ओळ आहे. घरातल्या कुठल्याच गोष्टीवर माझं इतकं ठसठशीत नाव नाही, दारावरच्या पाटीवरही नाही.

आमच्या विभागाचा जो प्रमुख आहे त्याला मी मनातल्या मनात थोरला म्हणते. या थोरल्याने मेलिंग लिस्टवर, म्हणजे आम्ही सगळे जिथे उघडपणे बोलतो तिथे, लिहिलं की हे कार्ड आता कुणी वापरत नाही, पुढच्या आवृत्तीत ड्रायव्हर काढून टाकू. कुणाची हरकत? आमच्याकडची रीत अशी की एक जरी खरा वापरणारा पुढे आला, त्याने कार्डावर नवी आवृत्ती चालवून पाहिली आणि कॉम्प्युटरने आपोआप छापलेली नोंद, म्हणजे लॉग, पाठवला, तर ड्रायव्हर राहतो. मेंटेनरचं स्वतःचं मशीन धरत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. आपल्याच पोराला आपणच पास करून कसं चालेल? ड्रायव्हर गेला की फायलीतली ओळही जाणार.

मला रडू आलं, सरळ सांगते. नवऱ्याने विचारलं, तर कांदा चिरतेय म्हणाले. हातात कांदा नव्हता, हे त्यालाही दिसत होतं. मग त्याच्यावरच खेकसले आणि भांडी आपटत बसले.

थोड्याच दिवसांत लिस्टवर एक पाहुणा उगवला. त्याने लिहिलं होतं, मी हे कार्ड माझ्या व्यवसायात रोज वापरतो, नवी आवृत्ती चालवून पाहिली, सगळं ठीक आहे, कृपया ड्रायव्हर काढू नये, सोबत लॉग जोडला आहे. थोरला खूश. असं असेल तर ठेवू या म्हणाला. दोघातिघांनी माझं अभिनंदन केलं. आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी मनात पाल चुकचुकली.

एक तर आमच्या लिस्टवर कृपया कुणी म्हणत नाही. तिथे लोक एकमेकांच्या कोडची अशी सालटी काढतात की नवखा माणूस महिनाभर तोंड दाखवत नाही. हा मात्र इतका गोड, की वाचणाऱ्याला मधुमेह व्हावा. मेलचा पत्ता कोरा करकरीत, त्यावरून आधी कुठे एक अक्षर लिहिलेलं नाही. आणि ऐन वेळी, नेमकं हवं तेच घेऊन हजर? असले किस्से आम्ही ऐकून असतो. कुणीतरी गरीब चेहऱ्याने येतो, लहानसहान कामं करतो, विश्वास कमावतो आणि एक दिवस कोडमध्ये नको ते सरकवून देतो. माझ्या मोडक्या दाराकडे कुणाचं लक्ष नसतं. चोराला आणखी काय हवं?

मी लॉग उघडला. माझा ड्रायव्हर सुरू होताना प्रत्येक पोर्टाला हाक मारतो आणि उत्तर आलं की एक ओळ छापतो. उत्तर आलं नाही, तर तसं छापतो. लॉगमध्ये पोर्ट एक होता, दोन होता आणि मग थेट चार. मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. तीनची ओळच नव्हती, ना बरी ना वाईट. माझा ड्रायव्हर असं कधी करत नाही, मी त्याची आई आहे. मी पाहुण्याला लिहिलं की पूर्ण लॉग पाठवा.

त्याच सुमारास घरातही काहीतरी शिजत होतं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. दुपारी तो दुकान बंद करून घरी येतो, जेवतो आणि खुर्चीत बसल्या बसल्या घोरतो, हे आमचं वर्षानुवर्षांचं. आता एकाएकी जेवण झालं की मागच्या खोलीत जायला लागला, तेही दार लोटून. काय करतोस म्हटलं, तर फ्रेमांची ऑर्डर लिहितोय. एकदा मी धुतलेल्या चादरी ठेवायला आत गेले, तर त्याने लॅपटॉप खाडकन मिटला. अशा खाडकन मिटण्याचा अर्थ कुठल्या बायकोला कळत नाही? सासूबाईंना विचारावं तर त्या ताकास तूर लागू देईनात. त्याला जरा पडू दे ग, दिवसभर उभा असतो, एवढंच. म्हणजे त्याही सामील. घरात एक संशय, लिस्टवर एक संशय, आणि मी दोघांच्या मध्ये कॉफीचा कप धरून बसलेली.

पाहुण्याचं उत्तर आलं. क्षमा मागितली होती, घाईत एक ओळ राहून गेली म्हणाला, आणि नवा लॉग जोडला होता. आता एक, दोन, तीन, चार सगळे हजर. पण आमच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीच्या आधी वेळ छापलेली असते, सेकंदाचे दहा लाख तुकडे करून. दोन पोर्टांची वेळ कधीच तंतोतंत जुळत नाही, जुळ्या भावंडांचीही जुळत नाही. पाहुण्याच्या लॉगमध्ये दोनची आणि तीनची वेळ शेवटच्या आकड्यापर्यंत एकच होती. पठ्ठ्याने दोनची ओळ उचलून खाली चिकटवली होती आणि दोनाचा तीन केला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्याकडे शिव्या चालतात, आळस चालतो, पण खोटा लॉग चालत नाही. थोरल्याला कळवायला मी लिहायला घेतलं, आणि मध्येच हात थांबला. तीन नंबर बंद असेल तर माणसाने लपवावं कशाला? बंद आहे म्हणावं, तीन पोर्ट पुष्कळ झाले. बंद तिसरा पोर्ट बघून कुणीतरी कार्ड ओळखेल, अशी भीती असेल तरच ते लपवायचं. आणि तिसरा पोर्ट मेलेलं कार्ड ओळखणारं जगात होतंच कोण? मागच्या खोलीत हे कार्ड बसवलेलं माझं जुनं मशीन खिडकीखाली ठेवलेलं असायचं. खिडकीतल्या कुंडीला पाणी घालताना सासूबाईंच्या हातून ते मशीनवर सांडलं होतं, आणि त्यात कार्डाचा तिसरा पोर्ट गेला होता. तेव्हापासून मी त्या मशीनला हात लावलेला नव्हता. ड्रायव्हर नुसता वाचून आणि कम्पाईल करून, म्हणजे तो नव्या कर्नलमध्ये बसतोय एवढंच पाहून, पुढे ढकलत होते.

मी उठले आणि मागच्या खोलीचं दार ढकललं.

मशीन चालू होतं. त्याला दुकानातलं जुनं लेन्सचा नंबर मोजायचं यंत्र जोडलेलं होतं आणि नवरा एकेक लेन्स त्यावर ठेवून स्क्रीनवर आकडा पाहत होता. शेजारी लॅपटॉपवर माझंच लिहिलेलं, हा ड्रायव्हर कसा चालवावा ते सांगणारं पान उघडं होतं. मला बघून त्याने या वेळी काही मिटलं नाही. मिटायला एवढं सगळं होतं, की तो तरी काय काय मिटणार?

"पाहुणा तू आहेस," मी म्हणाले.

तो म्हणाला, तुमची लिस्ट उघडीच असते, तूच सगळ्यांना कौतुकाने सांगतेस. वाचलं. एक वापरणारा हवा होता. दुकानात नवं यंत्र आल्यापासून हे पडूनच होतं, ते जोडलं. मग मी वापरणारा नाही तर कोण? रोज दुपारी वापरतो. आईला तेवढं माहीत आहे.

मला हसावं की त्याच्या डोक्यात काहीतरी घालावं, कळेना. चष्मा दुरुस्त करण्यापलीकडे कधी स्क्रू न फिरवलेला हा माणूस माझं पान वाचून कर्नल चालवत होता. पण खडूस बाई आतून उठलीच. मी विचारलं, तिसरी ओळ कुणाची? त्याने मान खाली घातली.

"तुझं नाव त्या फायलीतून गेलं तर तू जेवणार नाहीस," तो म्हणाला. "माहीत आहे मला. मग म्हटलं, एक ओळ."

"आणि बाकीचं? सगळं ठीक आहे म्हणून लिहिलंस, ते तरी खरं?"

तो लेन्स निवडायला लागला. माझ्या लक्षात आलं की अजून पाणी मुरतंय. मग त्याने एक लेन्स यंत्रावर ठेवली आणि म्हणाला, ही वजा दोन पॉइंट पंचवीसची, हे मी झोपेतही सांगेन. स्क्रीनवर वजा दोन पॉइंट पंचवीस आलं. त्याने तीच लेन्स पुन्हा पुन्हा मोजली. बराच वेळ बरोबर आलं आणि मग एकदा वजा दोन पॉइंट पाच आलं. मधला दोन गळला होता.

कधीपासून, विचारलं. पहिल्या दिवसापासून, म्हणाला. मग लिहिलं का नाहीस? तर म्हणे, लिहिलं असतं तर ते म्हणाले असते, आधीच जुनं आणि वर मोडकं, टाका काढून.

मी कोड उघडला. चूक सापडायला वेळ लागला नाही, कारण ती माझीच होती. फार पूर्वी मी ड्रायव्हर जरा वेगाने पळावा म्हणून एक बदल केला होता. तेव्हापासून पोर्टातून येणाऱ्या आकड्यांची गर्दी झाली की एखादं अक्षर सांडत होतं. नवरा मागून विचारत होता, होईल ना दुरुस्त? दुरुस्त होणार होतं. मी तिथल्या स्टुलावर बसले, कारण मला वेगळंच काहीतरी कळलं होतं.

इतकी वर्षं आकडे गळत होते आणि एकाही माणसाने तक्रार केली नव्हती. आमच्याकडे जरा खुट्ट झालं तरी लोक दहा पानांची मेल लिहितात. एखाद्या दुकानात, एखाद्या काट्यावर, कुठेतरी हे कार्ड चालू असतं तर कुणीतरी मला शिव्या दिल्याच असत्या. मी कुणासाठी दारात बसले होते?

"म्हणजे मी एकटाच," तो म्हणाला.

"तू एकटाच. आणि तोही खोटा."

हे बोलायला नको होतं. त्याचा चेहरा पडला. पण माझा राग गेला नव्हता आणि तू खोटा नाहीस असं म्हणायला माझी जीभ वळेना.

त्याच दिवशी मी लिस्टवर सगळं लिहिलं. पाहुणा माझा नवरा आहे, कार्ड माझं आहे, लॉगमधली तिसरी ओळ खोटी आहे, ही साक्ष धरू नये. सोबत दोन पॅच पाठवले. पहिला चूक दुरुस्त करणारा. आमच्याकडे चूक ज्याने दाखवली त्याचं नाव पॅचखाली लिहायची रीत आहे, खरं नाव. नवरा नको म्हणत होता, लोक हसतील म्हणाला. मी त्याचं आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं आणि त्याखाली माझं. दुसरा पॅच ड्रायव्हर काढून टाकणारा. त्यात फायलीतली माझी ओळ मी माझ्या हाताने खोडली. ती दुसऱ्या कुणी खोडलेली मला चालली नसती.

थोरल्याने विचारलं, काढायचाच आहे तर दुरुस्ती कशाला? मी लिहिलं, जुन्या आवृत्त्या लोक वर्षानुवर्षं चालवतात, कुठे कुणी असलाच तर त्याच्या डोळ्यावर चुकीचा चष्मा नको. थोरल्याने खोट्या लॉगबद्दल चार कडक शब्द सुनावले, ते मी निमूट वाचले. मग त्याने दोन्ही पॅच घेतले.

पॅच आत गेले तेव्हा नवऱ्याला दाखवायला बोलावलं. तो गिऱ्हाइकांना उभं करतो तसं मी त्याला भिंतीशी उभं केलं आणि शेवटच्या ओळी वाच म्हटलं. त्याने आधी स्वतःचं नाव वाचलं, मग माझं. हे आता कुणाला पुसता येत नाही, मी सांगितलं, इतिहासात गेलेलं तसंच राहतं. तो खुलला. मग हळूच म्हणाला, आणि ती फाईल? मी फाईल उघडली, जागा दाखवावी म्हटलं, तर दाखवण्यासारखं तिथे काही नव्हतं. वरची ओळ आणि खालची ओळ एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

सासूबाईंनी जेवायला हाक मारली. आज पोटभर जेवायचं आणि त्याला खोटं पाडायचं, असं ठरवूनच मी ताटावर बसले. समोरून तो बघत होता. दुसरा घास तोंडातच फिरायला लागला आणि मी उठले. तेवढं मात्र त्याचं खरं निघालं.