मे महिन्यापर्यंत उसवायचं नाही

आमच्या गिरणीच्या गावात ऑक्टोबर लागला की थंडी बाधू नये म्हणून आया पोरांच्या छातीला हंसाची चरबी चोळतात, वरून फ्लॅनेल गुंडाळतात आणि चक्क शिवून टाकतात. उसवतात ते थेट मे महिन्यात. शाळेत डॉक्टर तपासायला येतात फेब्रुवारीत. मी शाळेची नर्स; छाती तपासायची तर फ्लॅनेल उसवावं लागतं, म्हणून माझ्या कमरेला कात्री. डोक्यातल्या उवाही मीच बघते, म्हणून पोरं मला उवावाली बाई म्हणतात. आया काय म्हणतात ते मी विचारत नाही.

त्या वर्षी खोकत होती सात वर्षांची हेटी एन्टविसल. डॉ. मर्चिसननी फ्लॅनेलवरून नळी लावून पाहिली आणि काही ऐकू येत नाही म्हणून मान हलवली. मी कात्री काढली, तेवढ्यात हेटीच्या आईने माझं मनगट धरलं. बाई गिरणीतून तशीच आली होती, केसांत कापूस.

"उसवायचं नाही, नर्सबाई. मे महिना येऊ दे."

"खोकल्याला विचारलंत का, थांबतो का तोवर?"

"विल्फ्रेडला याच खोलीत उसवलं होतं. आठवड्यात गेला माझा पोरगा."

ते मी यायच्या आधीचं. "दुखणं त्याच्या छातीत आधीच असणार," मी म्हटलं.

"असेल. पण उसवलं तुमच्याच लोकांनी."

डॉक्टरांनी समजावून पाहिलं. नाजूक छातीच्या पोरांना मोकळ्या हवेत ठेवून शिकवतात त्या उघड्या हवेच्या शाळेत एकच जागा उरली होती. छाती ऐकल्याशिवाय ती हेटीला देता येत नव्हती, आणि ती मिळाली नाही तर पुढचा हिवाळा पोरीला जड जाईल असं त्यांना वाटत होतं.

"तिथे म्हणे खिडक्याच नाहीत," आई म्हणाली.

"आहेत. बंद करत नाहीत एवढंच."

"वा. म्हणजे इथे गोठत नाही म्हणून पोरीला तिथे पाठवायची."

तिने शाल ओढली आणि हेटीला घेऊन गेली. शुक्रवारी मी परत येईन, तोवर जागा राखून ठेवतो, असं डॉक्टरांनी तिला पाठमोरीलाच सांगितलं.

मला भयंकर राग आला होता. असल्या हट्टापायी पोरं जातात आणि बोल आम्हाला लागतो. पण 'उसवलं तुमच्याच लोकांनी' हे काही डोक्यातून जाईना.

शुक्रवारी दोघी आल्या. आई दाराशीच उभी राहिली, भिंतीकडे बघत. मी हेटीचा स्वेटर वर केला. फ्लॅनेल जसंच्या तसं शिवलेलं होतं. फक्त पाठीवर तळहाताएवढा चौकोन तीन बाजूंनी कापून त्याच्या कडा बारीक टाक्यांनी मुडपल्या होत्या आणि खाली पितळी बटण लावलं होतं.

डॉक्टरांनी नळीचं तोंड मुठीत धरून गरम केलं, बटण काढून बराच वेळ ऐकलं.

"फुप्फुस कच्चं आहे," ते म्हणाले, "पण अजून वेळ गेलेली नाही. पाठवाल ना तिला?"

"न्या," आई भिंतीलाच म्हणाली. "पण ऐकून झालं की तिथेसुद्धा बटण लावायचं. सांगून ठेवा त्यांना."

"सांगते," मी म्हटलं.

"आणि हरवू नका. विल्फ्रेडच्या कोटाचं आहे."

कात्री कमरेलाच होती. मी बटण लावलं, आणि नीट लागलंय ना ते पुन्हा एकदा चाचपून पाहिलं.