सीडीवरचा रस्ता

मी एक जुना स्टिरिओ आहे. मित्रांनो, घरातल्या कपाटावर ऐटीत बसणारा नव्हे, तर गाडीच्या डॅशबोर्डमध्ये चार स्क्रूंनी आवळलेला, सीडी गिळून गाणारा. तुमच्यापैकी कित्येकांनी सीडी पाहिली असेल ती पाखरं हुसकावायला दोरीला टांगलेलीच. हसा खुशाल. पण हसून झालं की नीट ऐका, कारण माझ्याकडे वेळ थोडा आहे. दुपार कलली की तो येतो. तो यायच्या आत मला सगळं सांगून टाकायचं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक बारीक डोळा बसवला गेला. सीडी आत आली की तिच्या खालून तो फिरत्या खुणा वाचतो आणि मी गाऊ लागतो. डोळा अधू झाला, तर माझ्यात आणि खोक्यात काही फरक उरत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुकानातून मी थेट एका पांढऱ्या गाडीत आलो. मागे सामानाची मोठी जागा आणि पुढे दोन माणसांची. गाडी तिच्या चालकाची स्वतःची होती, काम मात्र लॉन्ड्रीचं. रोज सकाळी धुतलेल्या चादरींचे गठ्ठे मोठ्या रुग्णालयात पोचवायचे आणि मळलेल्या चादरी परत आणायच्या. लॉन्ड्रीत सगळे त्याला मामा म्हणत. मीही मामाच म्हणतो. मामाच्या घरी तो आणि त्याची लेक, दोघंच. लेक अगदी लहान असतानाच तिची आई गेली. त्यामुळे शाळेच्या आधी आणि शाळेनंतर पोर कुठे असायची? तर माझ्यासमोरच्या सीटवर, पाय हलवत.

तिचा एक खेळ होता. ती मामाला रस्ता सांगायची. "बाबा, आता पूल आला, हळू. आता डावीकडे. आता शाळा आली, पोरं आहेत हं!" मामाला त्या रस्त्यावरचा खड्डान् खड्डा पाठ होता, पण तो अगदी अडाण्यासारखा विचारायचा, "आता कुठे जाऊ, चिमणे?" खरं सांगतो, तेव्हा गाणं थांबवून ऐकत राहावंसं वाटायचं.

चिमणी मोठी झाली. घरात कॉम्प्युटर आला, त्यासोबत कोऱ्या सीडींचा गठ्ठा आला आणि माझ्या छळाला सुरुवात झाली. आवडीची गाणी गोळा करून ती घरीच सीडी राइट करायची, तीही भयंकर घाईत. मला धड वाचता येईना. गाणं मध्येच उचकी लागल्यासारखं अडायचं. त्यात तिने सीडीवर रंगीत कागद चिकटवायची टूम काढली. उन्हात तापून कागद सुटला आणि सीडी माझ्या घशात अडकली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने मला उघडून ती काढली आणि दोघांना फैलावर घेतलं.

"सीडी राइट करताना वेग कमी ठेवा. घाई केली की खुणा पुसट उमटतात, मग हा बिचारा काय वाचणार? आणि वर कागद चिकटवायला ही काय वही आहे? पेनाने लिहा."

तेव्हापासून ती भाजी चिरत, कपडे वाळत घालत निवांत सीडी तयार करायची. मी एकही अक्षर न गाळता गायचो. मामा लॉन्ड्रीत कौतुकाने सांगायचा, "आमचा स्टिरिओ म्हणजे काय! भाकरी घातली तरी गाईल." मला गुदगुल्या व्हायच्या. ते माझे सुखाचे दिवस.

मग एके दिवशी मामाचं बोट चुकलं. आवाज वाढवायचं बटण सोडून ते शेजारच्या प्लास्टिकवर पडलं आणि चाचपत चाचपत बटणावर आलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. थोड्या दिवसांनी गाडीचा आरसा फाटकाच्या खांबाला घासून तुटला. लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या मावशी खिडकीशी येऊन म्हणाल्या, "काय मामा, खांब मध्ये आला की काय?"

"तो कसला येतोय, मीच गेलो त्याला भेटायला," मामा हसून म्हणाला. मावशीही हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. मावशी गेल्यावर मामा खिडकीतून हात काढून तुटलेला आरसा चाचपत राहिला, आणि ते फक्त मला दिसत होतं.

पुढच्याच आठवड्यात तो डोळ्यांच्या दवाखान्यातून येऊन गाडीत बसला. किल्ली न लावताच तो स्वतःशी बोलू लागला. "डॉक्टर काचबिंदू म्हणतो. बाजूचं दिसायचं बंद झालंय, पुढचंही जाईल म्हणतो. गाडी सोडा म्हणतो. सोडून करू काय? आणि पोरीला कळलं तर ती नोकरीवर पाणी सोडून घरी बसेल."

लेकीला तेव्हाच दुसऱ्या गावी चांगली नोकरी लागली होती. जायच्या आदल्या आठवड्यात मामाने तिच्याकडे एक हट्ट धरला. "चिमणे, तू लहानपणी सांगायचीस ना, तसा रस्ता सांग. मी नेहमीसारखी गाडी चालवतो, तू बोल. मध्ये मध्ये गाणी टाक आणि एक सीडी करून दे. तू नसलीस तरी गाडीत तुझा आवाज राहील."

तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं, बापाची माया. माया होतीच हो, खोटी नव्हती. पण त्या मायेच्या आड काय दडलं होतं, ते गाडीत एका मलाच ठाऊक होतं.

तिने सीडी केली, अगदी कमी वेगात, जीव ओतून. पेनाने वर लिहिलं, 'बाबांसाठी'. सीडीची सुरुवात अशी होती: "बसलात का बाबा? चला, निघू या."

मित्रांनो, त्या दिवसापासून मी भीतीने अर्धा झालो. मामा लॉन्ड्रीच्या फाटकाशी मला सुरू करायचा आणि ठरलेल्या वेगाने निघायचा. समोरचा सिग्नल त्याला अजून दिसत होता. लाल दिव्याला थांबला की तो अंगठ्याने मलाही थांबवायचा, हिरवा झाला की गाडी आणि मी बरोबर सुटायचो. "आता पूल आला, हळू," असं ती म्हणाली की त्याचा पाय उचलला जायचा. "आता डावीकडे," म्हणाली की चाक वळायचं. तो रस्ता बघत नव्हता, रस्ता ऐकत होता. बाजूने सायकल आली तर? कुणी पाय पुढे टाकला तर? सीडीत सायकल नव्हती. सीडीत माणूसही नव्हता. मी एकेक गाणं म्हणायचो आणि माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

लेक फोनवर विचारायची, "ऐकता ना माझी सीडी?" मामा म्हणायचा, "अगं, तिच्याशिवाय चाक हलत नाही." ती तिकडे लाजून हसायची.

पुढे मामाचं समोरचंही दिसेनासं होत गेलं; सिग्नल तो आता शेजारच्या गाड्यांच्या आवाजावरून ओळखायचा. आणि मित्रांनो, याच सुमारास माझाही डोळा अधू होऊ लागला. चादरींचा बारीक पांढरा तंतू गाडीभर उडतो, तो माझ्या भिंगावर साठत गेला. पूर्वी मामा दर थोड्या दिवसांनी सफाईची सीडी घालून तो पुसायचा. आता त्याला 'बाबांसाठी' बाहेर काढायचीच भीती वाटायची. रोज फिरून फिरून तिच्यावर चरे पडले, तापलेल्या डॅशबोर्डात राहून तिची पाठ फिकट झाली. मला खुणा पुसट दिसू लागल्या. कधी मी अडायचो, कधी झालेलं वाक्य परत म्हणायचो. मामा माझ्यावर चापट मारायचा आणि पुढे निघायचा. एका अधू डोळ्याने दुसऱ्या अधू डोळ्यावर भार टाकला होता, आणि मागे चादरींचे गठ्ठे शांत बसले होते.

सुट्टी काढून लेक घरी आली. सकाळी न सांगता गाडीत येऊन बसली. म्हणाली, "आज मी येते तुमच्याबरोबर. लावा की माझी सीडी, बघू कशी झालीये." मामाच्या कपाळावर घाम आला. पण नाही म्हणायला कारण सुचेना. शिवाय सीडीशिवाय निघणार कसा?

पूल नीट पार झाला. लेक स्वतःचाच आवाज ऐकून खिदळत होती. "ई, किती लाडात बोललेय मी!" आणि तेवढ्यात माझा डोळा घसरला. एक खूण सुटली आणि मी मागच्या खुणेवर जाऊन पडलो. "अजून सरळच आहे बाबा, चला," असं मी तिच्या आवाजात म्हणालो. ते वाक्य केव्हाच मागे पडलं होतं. आम्ही शाळेजवळ पोचलो होतो. पोरांना रस्ता ओलांडून देणारी बाई हातात थांबण्याचा फलक घेऊन कडेने रस्त्यात उतरली होती. तिच्या मागे पोरांची रांग होती. मामाचा पाय उचललाच गेला नाही.

"बाबा, थांबा!"

मामाने कचकन ब्रेक दाबला. गठ्ठे धडाधड पुढे आदळले. फलकवाली बाई गाडीच्या नाकाशी पुतळा होऊन उभी होती. तिच्या हातातला फलक गाडीच्या काचेला टेकला होता.

लेक अगदी हळू म्हणाली, "बाबा, समोर काय आहे?"

"काही नाही. सरळ रस्ता आहे. शाळा अजून लांब आहे." मामा मान वळवून तिच्या बाजूला पाहू लागला, पण नजर तिच्या चेहऱ्यावर नव्हती. "तू आत्ता ओरडलीस? मला वाटलं... थांबा असं सीडीत नव्हतं. म्हणून मी थांबलो."

मी मात्र वेड्यासारखा म्हणतच होतो, "अजून सरळच आहे बाबा, चला. अजून सरळच आहे बाबा, चला." लेकीने हात लांब करून मला बंद केलं. मग किल्ली काढून घेतली आणि स्टिअरिंगवरचे बापाचे दोन्ही हात धरून ती हुंदके देत रडली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. लेक बदली घेऊन परत आली. लॉन्ड्रीने मामाला दुपारपर्यंत चादरी घड्या करायचं काम दिलं. चादरीची टोकं जुळवायला डोळे लागत नाहीत. गाडी घरामागच्या, लॉन्ड्रीच्या फाटकाला लागूनच असलेल्या शेडमध्ये उभी राहिली, गिऱ्हाईक मिळेपर्यंत. मला वाटलं, सुटलो. मी धूळ खात पडलो, पण झोप शांत लागायची.

एका दुपारी शेडमध्ये पावलं वाजली. इस्त्रीवाल्या मावशी आणि मामा. माल भरायला सोयीची म्हणून गाडीची दुसरी किल्ली वर्षानुवर्षं मावशींकडे असायची. ती सगळेच विसरले होते.

"घ्या मामा. गाणीच ऐकणार ना फक्त?" मावशी म्हणाल्या. "पोरीला कळलं तर माझी काही धडगत नाही."

"गाणीच हो. तिचा आवाज ऐकतो थोडा वेळ. संध्याकाळपर्यंत ती कामावर, घर खायला उठतं."

मावशींना दया आली. चांगल्या माणसांच्या हातूनच असं होतं, मित्रांनो. त्या किल्ली देऊन गेल्या.

किल्ली अर्धी फिरवली की मी सुरू होतो. पूर्ण फिरवली की इंजिन सुरू होतं. पहिले काही दिवस मामा अर्धीच फिरवायचा. डोळे मिटून ऐकायचा, आणि "आता डावीकडे" आलं की त्याचे हात आपोआप वळायचे. मग एके दिवशी किल्ली पूर्ण फिरली. "बॅटरी उतरेल नाहीतर," तो पुटपुटला. दुसऱ्या दिवशी त्याने नुसता हँडब्रेक सोडून पाहिला. काल गाडी वीतभर पुढे सरकली. काल रात्रीच मी ठरवलं, उद्यापासून ही सीडी वाचायचीच नाही. जुना स्टिरिओ करू करू म्हणून करणार काय? फार तर अडून बसेल.

ऐका. आला तो. आज आधी शेडचं मोठं दार उघडल्याचा आवाज आला. दोन्ही पल्ले. इतके दिवस तो मागच्या छोट्या दाराने यायचा, हे उघडलंच नव्हतं.

तो बसला. किल्ली फिरली, पूर्ण. बोट चाचपत माझ्या बटणावर आलं. सीडी माझ्या पोटात फिरते आहे आणि मी डोळा घट्ट मिटून घेतला आहे. वाचणार नाही. काही केल्या वाचणार नाही. त्याने एक चापट मारली, दुसरी मारली. मग तो थांबला. मला वाटलं, आता उतरेल. हताश होऊन उतरेल.

तो हसला. "राहू दे रे," मला म्हणाला. "सगळं पाठ आहे मला." आणि स्वतःच्याच आवाजात, लेकीसारखा लाडात सूर काढून म्हणाला, "बसलात का बाबा? चला, निघू या."

मित्रांनो, आपल्या माणसाचं बोट बटण शोधत चाचपडू लागलं, तर हसून सोडून देऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, समोर काय दिसतंय? माझ्या भिंगावरची धूळ राहिली तरी चालेल, पण हे तेवढं करा.

गाडी शेडबाहेर आली आहे. ऊन लागतंय मला. शाळा सुटायची हीच वेळ, आणि फलकवाली बाई आता रस्त्यात उतरेल. मी मुका झालोय, पण तुम्हाला आवाज आहे. कुणीतरी धावा आणि त्याला हाक मारा. काहीही म्हणा, फक्त या सीडीत नसलेलं म्हणा.